तीन पाणी

आमच्या जिन्याखाली एक चौकोनी ॲल्युमिनियमचं पिंप होतं. त्यात ज्वारी असायची. पिंपाला चार पाय, पायांना लहान चाकं, आणि आत मधोमध एक पाकळ्यापाकळ्यांचा खुंटा. ज्वारी तळाला गेली की काढताना तो खुंटा हाताला लागायचा. सगळ्यांच्याच घरी ज्वारीच्या पिंपात खुंटा असतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

ते पिंप म्हणजे कपडे धुण्याचं अमेरिकन यंत्र आहे, हे कळलं तेव्हा मी सातवीत असेन. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला एक सांगाडा सापडला. एकावर एक दोन रबरी रोलर, वर एक पट्टी, बाजूला दांडा. अम्मीला विचारलं, हे काय आहे? ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या अब्बांचा चरक."

चरक म्हणजे रसवंतीचा. आमच्या मिरजेत ऊस आणि रसवंती यांना तोटा नाही. दोन रोलरमधून ऊस गेला की चिपाड होऊन बाहेर पडतो, तसा कपडा जायचा आणि पाणी निघायचं. अम्मीने ठेवलेलं ते नाव चुकीचं नव्हतं.

अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. मिरजेत अमेरिकन मिशनची जुनी वस्ती. 1984 साली तिथल्या एका बंगल्यातलं वयस्क जोडपं मायदेशी परत निघालं तेव्हा त्यांचं सामान विकायला काढलं. पुस्तकं, पलंग, शिलाई मशीन लोकांनी नेलं. हे यंत्र कुणी घेईना, कारण ते बंद होतं आणि 110 व्होल्टचं होतं. अब्बांनी ते हातगाड्यावर घालून घरी आणलं. घरात तेव्हा आम्ही पाच भावंडं, आजी, एक विधवा आत्या, अब्बा आणि अम्मी. नऊ जणांचं धुणं अम्मी मोरीतल्या दगडावर धुवायची. अब्बा म्हणाले होते म्हणे, की दोन महिन्यांत चालू करून देतो.

1993 मध्ये ते गेले. यंत्र तोवर ज्वारीचं पिंप झालेलं होतं.

हे सगळं गेल्या वर्षी पुन्हा वर आलं, आणि ते कशामुळे आलं हे लिहू की नको असा विचार मी बरेच दिवस करत होतो. शेवटी अम्मीलाच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि आमच्या दखनीत म्हणाली, "लिख. पन नाम मत लिख." म्हणून लिहितो.

अम्मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी हिवाळ्यात रात्री तीनच्या सुमारास मला मोरीत पाण्याचा आवाज आला. वाटलं नळ राहिला असेल. जाऊन बघतो तर अम्मी पाटावर बसून परकर धूत होती. थंडीने बोटं निळी पडलेली. मला पाहिल्यावर तिने तो परकर मांडीखाली लपवला. असं लपवताना मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

लघवीवरचा ताबा जात चालला होता. चार-पाच महिने ती हे एकटीच निभावत होती. सुनेला कळू नये, नातीला कळू नये, आणि मला तर मुळीच कळू नये. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू झाल्या, थोडा फरक पडला. पण तिचं दुखणं त्यापलीकडचं होतं. तिला भीती होती की आपले कपडे पाक होत नाहीत, आणि कपडे पाक नाहीत म्हणजे नमाज होत नाही.

जे वाचक या घरांत वाढलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्वच्छ आणि पाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिखलाने माखलेला सदरा अस्वच्छ असेल, पण तो नापाक असेलच असं नाही. उलट लघवीचा शिंतोडा पडलेला पांढराशुभ्र परकर डोळ्याला स्वच्छ दिसला तरी नापाक. आम्ही हनफी. आमच्याकडे न दिसणारी नजासत काढायची रीत ठरलेली आहे. कपडा तीन वेळा धुवायचा, दर वेळी पिळायचा, आणि तिसऱ्यांदा अंगातली सगळी ताकद लावून पिळायचा. अम्मी हे तिच्या आईकडून आणि 'बहिश्ती जेवर'मधून शिकली. लहानपणी आमचे कपडे धुऊन झाले की आजी ओसरीवरून ओरडायची, "तीन पानी हुए क्या?" आणि अम्मी मोरीतून उत्तर द्यायची, "हुए!" घराघरांतल्या बायकांची ही रोजची सवाल-जवाबाची बैठक होती.

माझी बायको रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई. त्यांच्याकडे कपड्यावरून पाणी नीट वाहून गेलं की झालं, पिळण्याची अट नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी या तीन पाण्यांवरून सासू-सुनेत जे झालं त्यावर स्वतंत्र लेख होईल. ती अजूनही म्हणते, "तुम्हा घाटावरच्यांना पाण्याचा तुटवडा, म्हणून पिळायचं वेड."

तर पिळणं. अम्मीची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. कपबशी धरता येते, पण पिळा घालता येत नाही. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी सगळं ती करायची, पण पिळताना मुठीतून परकर निसटायचा. मग चौथं पाणी. मग पाचवं. त्या रात्री मी तिला पाहिलं तेव्हा कितवं पाणी चाललं होतं कुणास ठाऊक.

घरात वॉशिंग मशीन आहे. पूर्ण ऑटोमॅटिक, समोरून दार असलेलं. मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मशीन जर दर वेळी आधीचं पाणी सोडून नवं पाणी घेत असेल आणि असं तीनदा होत असेल, तर कपडा पाक. दुसरी गोष्ट, अम्मींना आता माजूरची सवलत लागू होऊ शकते. ज्याचा हा त्रास एका नमाजच्या वेळेपासून दुसऱ्यापर्यंत थांबतच नाही, त्याने त्या वेळेसाठी वुजू करावा आणि नमाज पढावी. आणि तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला ठाऊक नव्हती. पिळताना ताकद जी धरायची ती ज्याची त्याची. अम्मींनी स्वतःच्या ताकदीने पिळलं आणि पाणी टपकायचं थांबलं, की कपडा पाक झाला. मग एखाद्या पहिलवानाने तोच कपडा घेऊन आणखी चार थेंब काढले तरी अम्मींपुरता तो पाकच.

मला हे इतकं सुंदर वाटलं की मी धावत घरी येऊन अम्मीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मशीनबद्दल म्हणाली, आत काय चाललंय ते मला दिसत नाही. माजूरबद्दल म्हणाली, तो बिछान्यावर पडलेल्यांचा हुकूम, मी चालती-फिरती आहे. (मौलानांनी असं म्हटलं नव्हतं, पण अम्मीपुढे मौलानांचंही फारसं चालत नाही.) आणि ताकदीबद्दल म्हणाली, "माझी ताकद मला माहीत आहे. ही ती नाही."

यावर मी काय बोलणार? मला जिन्याखालचा चरक आठवला.

ज्वारी काढून पिंप उलटं केलं तेव्हा बुडाखाली उंदराचं जुनं घरटं, किलोभर सडकी ज्वारी आणि एक मोटार निघाली. टबाच्या पुढच्या बाजूला 'मेटॅग' हे नाव. ही कंपनी आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची. सुरुवात 1893 मध्ये शेतीची अवजारं करण्यापासून, धुण्याचं पहिलं यंत्र 1907 मध्ये. आमचं यंत्र त्यांच्या चौकोनी ॲल्युमिनियम टबाच्या मॉडेलपैकी, जे दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी निघालं आणि थोड्याफार बदलांनी कित्येक दशकं बनत राहिलं. स्वतःच घुसळून, धुऊन, सुकं करून देणारी मशिनं आल्यावरही रोलरवाली यंत्रं कंपनीने 1983 पर्यंत बनवली. विजेशी फटकून राहणारे आमिश लोक ती अजून वापरतात, खाली पेट्रोलचं इंजिन जोडून. कंपनी 2006 मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली आणि पुढच्या वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. म्हणजे सुटे भाग मागवायचे तर जुन्या यंत्रांच्या शौकिनांकडून, डॉलरमध्ये. मी ठरवलं की मिरज, सांगली आणि इचलकरंजीत जे मिळेल त्यावर भागवायचं.

पहिला अडथळा तो खुंटाच. त्याला गायराटेटर म्हणतात. तो पोलादी शाफ्टवर नुसता बसवलेला असतो आणि हाताने वर उचलून निघायला हवा. चाळीस वर्षांत साबणाचा थर, गंज आणि ज्वारीचं पीठ यांनी तो जागच्या जागी सिमेंट केल्यासारखा झाला होता. हातोडी मारायचा मोह आवरला, कारण ओतीव ॲल्युमिनियम तडकतं. शेवटी टबात उकळतं पाणी ओतलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. पाणी थोडा वेळ राहू दिलं, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढलं. तिसऱ्या पाण्याला निघालं. अम्मी उंबऱ्यातून बघत होती. म्हणाली, "बघ, यालाही तीनच लागली."

टब आतून काळा पडला होता आणि जागोजाग पांढरी भुकटी धरली होती. इथे एक सांगून ठेवतो. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचा नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो. आम्ही चिंचेचं पाणी वापरलं, तांब्याची भांडी घासतात तसं. आरशासारखा झाला नाही, पण हात फिरवला तर काही टोचत नाही आणि कपडा अडकत नाही, इतपत झाला.

मग मोटार. नावाच्या पट्टीवर 110 व्होल्ट, 60 सायकल, 1725 फेरे असं सगळं होतं. मी धरून चाललो होतो की ही जळलेली असणार किंवा 230 वर लावली की जळणार. उघडली तर आतलं वायंडिंग अमेरिकन नव्हतंच. पिवळट वॉर्निश, सुती दोऱ्याची बांधणी, आणि दर चौथ्या टाक्याला दुहेरी गाठ. ती गाठ मी ओळखतो. शाळा सुटल्यावर दुकानात बसून मी ती घालायला शिकलो होतो आणि कधीच नीट जमली नव्हती.

अब्बांचं शिक्षण उर्दू चौथी, पण दुकानाचं रजिस्टर मराठीत, कारण गिऱ्हाईक मराठी. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, पंखे, प्रत्येक मोटारीचे टर्न्स आणि तारेचा गेज लिहून ठेवलेला. ती रजिस्टरं भावाकडे होती. 1985 च्या रजिस्टरमध्ये 'मिशन धुलाई मशीन' अशी नोंद सापडली. गिऱ्हाइकाच्या रकान्यात त्यांनी 'घर' असं लिहिलं होतं. मजुरीच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्या नोंदीतलं गणित मी दोनदा तपासलं. व्होल्ट 110 वरून 230 झाले म्हणजे टर्न्स दुप्पट करायला हवेत, हे कुणीही सांगेल. पण अब्बांनी दुपटीवर आणखी पाचवा हिस्सा चढवला होता. कारण आपल्याकडे सायकल 60 नाही, 50. तेवढे टर्न्स वाढवले नाहीत तर मोटार गुणगुणत तापते. शिवाय 50 सायकलवर तिचे फेरे 1725 वरून साधारण 1440 वर येणार, म्हणजे कपडे घुसळायचा वेग सहाव्या हिश्श्याने कमी. त्यावरही खाली पेन्सिलीने टीप होती: मोटारीची पुली मोठी करणे, पाचास सहा, टर्नरकडे दिली. पुढे काही नाही.

म्हणजे त्यांनी विजेचं सगळं काम पुरं केलं होतं. अडलं होतं ते दुसरीकडे. टबाच्या बुडाशी गिअरचा डबा असतो. मोटार एकाच दिशेने फिरते, पण गायराटेटरला थोडं इकडे, थोडं तिकडे असं झुलायचं असतं. ते काम आतला एक पिनियन आणि अर्धचंद्रासारखा दात्यांचा तुकडा करतो. हा डबा मी उघडला तर आत तेलाऐवजी घट्ट ताकासारखं काहीतरी होतं. शाफ्टभोवतीचं सील फुटून टबातलं पाणी वर्षानुवर्षं तेलात उतरलेलं. मिशनवाल्यांनी यंत्र टाकून दिलं ते यामुळेच असणार. असं सील इथे 1985 मध्ये मिळणं शक्य नव्हतं, आणि अब्बा वायंडर होते, फिटर नव्हते. पुली टर्नरकडे पडून राहिली असेल, हंगाम सुरू झाला असेल, शेतकऱ्यांच्या जळक्या मोटारींची रांग लागली असेल. कसं राहून जातं ते मला चांगलं ठाऊक आहे.

लहानपणापासून मला वाटत आलं होतं की अब्बांनी नुसता शब्द दिला आणि विसरले. अम्मीने हे मला कधी म्हटलं नाही, पण 'चरक' म्हणताना तिच्या आवाजात ते असायचं. मी रजिस्टर तिला नेऊन दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही. 'घर' या शब्दावर बोट ठेवून मी वाचून दाखवलं. तिने रजिस्टर बंद करून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "किती तार गेली असेल रे?" मी अंदाजाने सांगितलं. "तेव्हा तांबं महाग होतं," ती म्हणाली.

सीलचं म्हणाल तर शाफ्ट इंची मापाचा, आणि बाजारातली सीलं मिलिमीटरची. सांगलीत एका बेअरिंगच्या दुकानात तासभर खोकी उपसून जवळचं माप सापडलं. मग टर्नरकडून शाफ्टवर एक पातळ स्लीव्ह चढवून घेतली आणि गनमेटलचे बुश नवे केले. पुलीही केली, पाचास सहा.

रोलरचं रबर दगड झालं होतं. इथे इचलकरंजी कामी आली. यंत्रमागाच्या गावात साइझिंगचे कारखाने असतात, तिथे सूत खळीत बुडवून रबरी रोलरमधून दाबून काढतात. म्हणजे पिळण्याचंच काम. त्या रोलरना नवं रबर चढवणारे लोक तिथे आहेत. माझे दोन वीतभर रोलर बघून कारागीर हसला. म्हणाला, हे कुठल्या बाहुलीच्या साइझिंगचे? मी सांगितलं, आईचे कपडे पिळायचे आहेत. मग त्याने हसणं थांबवून रबर किती मऊ हवं ते नीट विचारून घेतलं. बटणं फुटू नयेत म्हणून नरम ठेवू म्हणाला. आठवड्याने गेलो तेव्हा तयार होते.

विजेची बाजू मी नव्याने केली. जुन्या वायरला दोनच पिना होत्या, अर्थ नव्हता. ओल्या मोरीत धातूचा टब आणि अर्थ नाही, म्हणजे मरणाला आवतण. तीन पिनांची वायर, टबाला आणि मोटारीला अर्थ, आणि मोरीच्या लाइनवर गळती झाली की बंद पडणारा ब्रेकर. हे आधी केलं, मग बटण दाबलं.

पहिल्यांदा चाललं तेव्हाचा आवाज मला सांगता येणार नाही. आजच्या मशिनीसारखा घुईं नाही. म्हशीने रवंथ करावी तसा, जाड आणि निवांत. टबात नुसतं पाणी होतं, तरी सगळं घर गोळा झालं.

आता माझी चूक. रोलरच्या वर जी पट्टी असते ती सुरक्षेसाठी. हात सापडला तर तिच्यावर थाप मारायची, वरच्या रोलरचा दाब सुटतो. मी सगळं उघडलं, साफ केलं, तेल दिलं, पण या पट्टीची स्प्रिंग शेवटी बघू म्हणून ठेवली. तिच्यावाचून यंत्र चालत होतं ना! जुनी चादर घालून बघत होतो. एका कडेने घडी पडली, ती सरळ करायला उजव्या हाताची तर्जनी पुढे नेली. रोलरने चादरीबरोबर बोट आत घेतलं. दुसऱ्या पेरापर्यंत. डाव्या हाताने पट्टीवर थाप मारली. गंजलेली पट्टी हललीच नाही. बायकोने बटण बंद केलं नसतं तर पंजा गेला असता. नख काळं पडून गळालं, एवढ्यावर निभावलं.

अमेरिकेत या यंत्रांनी मुलांचे हात इतके धरले की डॉक्टरांनी त्या दुखापतीला वेगळं नाव दिलं होतं, 'रिंगर आर्म'. 1938 मध्ये बोस्टनच्या एका शल्यचिकित्सकाने अशा सव्वीस रुग्णांवर निबंध लिहिला. हे मला बोट सापडल्यानंतर वाचायला मिळालं. आधी वाचायला हवं होतं.

मी अम्मीला सांगितलं, हे तुला द्यायचं नाही. तुझा पदर, तुझी बांगडी, काहीही आत जाईल. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोरीत पाण्याचा आवाज.

तेव्हा मी ठरवलं की रोलरला मोटार नकोच. खालून रोलरपर्यंत जाणारा उभा दांडा काढून ठेवला. खालच्या रोलरच्या टोकाला लांब दांडीचं हँडल बसवून घेतलं, जुन्या हातरसवंतीला असतं तसं. धुवायचं काम मोटार करेल, पिळायचं काम हात. हात थांबला की रोलर थांबले. सुरक्षेची पट्टीही आता थापेसरशी उडते. जुनी यंत्रं जमवणाऱ्यांना हे सांगितलं तर ते मला दारात उभं करणार नाहीत. मूळ यंत्र जसंच्या तसं राखणं हा त्यांचा धर्म. मला ते पटतंही, पण माझ्या घरात ते दिखाऊ कपाटात ठेवायचं नव्हतं. दांडा मी तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवला आहे. पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर पाच मिनिटांचं काम.

आता अम्मीचं धुणं सकाळी दहाला असतं, उजेडात. यंत्रात साबणाचं पाणी, शेजारी साध्या पाण्याचे टब. अमेरिकेत बायका एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग शेतातले कपडे असा सगळा आठवडा धूत, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हादरली. "म्हणजे शेवटचा कपडा पहिल्याच्या घाणीत?" आमच्याकडे तसं चालत नाही. तिचे कपडे आधी नळाखाली, मग यंत्रात, मग रोलरमधून. पाणी टाकून नवं. पुन्हा रोलरमधून. पुन्हा नवं. परकराची नाडी आत घडी करून घालायची, नाहीतर रोलरला गुंडाळते, हे तिने स्वतः शोधून काढलं. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या काढून कोनाड्यात. हँडल दोन्ही हातांनी फिरवते. दांडी लांब असल्याने जोर लागत नाही, बोटं वळवावी लागत नाहीत, नुसतं मनगटाने ढकलायचं. दुसऱ्या बाजूने परकर पापडासारखा चपटा होऊन बाहेर येतो. तिसऱ्या खेपेला ती तो उचलून कोपरा दाबून बघते. थेंब पडत नाही.

साडी मात्र एकटीला जमत नाही. तेव्हा माझी मुलगी हँडल फिरवते आणि अम्मी साडी सरकवते. पहिल्या दिवशी मुलीला कळलंच की आजीचे कपडे वेगळे का धुतात. ती अकरावीत आहे. तिने काही विचारलं नाही. फक्त रोलर थांबवून, ओसरीवरून पणजी ओरडायची तसा आवाज काढून म्हणाली, "दादी, तीन पानी हुए क्या?" अम्मीने तिच्या अंगावर पाणी उडवलं.

रात्रीचा आवाज आता येत नाही. म्हणजे त्रास गेला असं नाही. बदललेला परकर ती बादलीत झाकून ठेवते आणि सकाळची वाट बघते.

परवा यंत्राखाली फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. मी नवं बसवलेलं सील पाझरतंय. स्लीव्ह किंचित तिरकी बसली असणार. मी वाकून बघत होतो तेवढ्यात अम्मी एक जुना फडका घेऊन आली आणि यंत्राच्या बुडाखाली सारला.

"याला पण लागली गळती," ती म्हणाली, आणि इतकी हसली की भिंतीला धरून उभी राहिली.

रविवारी टब उतरवतो म्हटलं. ती म्हणाली, सोमवारी धुणं आहे, त्याआधी जोडून दे.